कॅम्पबेल आडनावाच्या नामवंतांची यादी करताय? मग आधी चाळणी घ्या हातात

स्कॉटिश आडनाव घेऊन त्यातली मोठमोठी माणसं एका यादीत कोंबायची आणि वर "या पराक्रमी क्लॅनचे (स्कॉटिश घराण्या-टोळीचे) वंशज" असं शीर्षक ठोकायचं, हे काम अर्ध्या तासात होतं आणि म्हणूनच बहुतेक याद्या चुकलेल्या असतात. मी पण केलेली आहे अशी यादी, कॅम्पबेल आडनावाची, आणि त्यात मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल या जुन्या इंग्लिश रंगभूमीवरच्या बाईंना थेट अर्गाइलच्या, म्हणजे पश्चिम स्कॉटलंडमधल्या कॅम्पबेलांच्या मूळ मुलखाच्या, सरदारांच्या रांगेत बसवलं होतं. नंतर कळलं की बाईंचं जन्माचं नाव बिआट्रिस स्टेला टॅनर, कॅम्पबेल हे नवऱ्याचं आडनाव. यादी मुकाट्याने काढून टाकली. तेव्हापासून जी पद्धत लागली ती इथं लिहितोय, उदाहरण कॅम्पबेलचंच घेतो कारण या एका आडनावात जेवढे म्हणून घोळ होऊ शकतात तेवढे सगळे झालेले आहेत, हे जमलं की फ्रेझर, ग्रँट, मरे कुठलंही घ्या, जमेल.

सुरुवात माणसांपासून करू नका, नावापासून करा. कॅम्पबेल हे गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतलं, "कॅम" म्हणजे वाकडा आणि "बेउल" म्हणजे तोंड. वाकड्या तोंडाचा. कुणातरी पूर्वजाला चिकटलेलं हे टोपणनाव, आणि ते पिढ्यानपिढ्या एवढ्या मोठ्या घराण्याने मिरवलं. आता वाकडं तोंड ऐकायला बरं वाटत नाही म्हणून पुढं कुणीतरी "दे काम्पो बेल्लो" म्हणजे सुंदर शेताचा असा लॅटिन अर्थ काढला आणि घराणं नॉर्मन, म्हणजे फ्रान्सकडून आलेलं, होतं असं पण सांगायला लागले. ते सोडून द्या. जुन्या कागदांत नाव "कॅम्बेल" असं येतं, मधला प नंतर घुसलाय, आणि म्हणूनच आजही स्कॉटलंडमध्ये उच्चार "कॅम्बल" असाच करतात. कुठल्याही आडनावाचा अर्थ शोधताना ही ट्रिक लक्षात ठेवा, सर्वात जुनं स्पेलिंग काय होतं ते आधी बघायचं, आजच्या स्पेलिंगवरून अर्थ काढला की हमखास फसगत.

मग तारीख. कागदावर हे नाव पहिल्यांदा ठामपणे दिसतं ते १२६३ मध्ये, गिलेस्पिक नावाच्या माणसाबरोबर. त्याचा मुलगा कॉलिन, गेलिकमध्ये कॅलेन मोर म्हणजे थोरला कॉलिन, लॉख ऑ या सरोवराच्या भागातला, तो १२९०च्या दशकात मॅकडूगल या दुसऱ्या क्लॅनशी झालेल्या लढाईत मारला गेला. क्लॅनच्या प्रमुखाला आजही मॅककॅलेन मोर म्हणतात, म्हणजे थोरल्या कॉलिनचा मुलगा, साडेसातशे वर्षं होत आली तरी बिरुद तेच. कॉलिनचा मुलगा नील हा इंग्रजांशी लढून स्कॉटलंडचा राजा झालेल्या रॉबर्ट ब्रूसच्या बाजूने उभा राहिला, ब्रूसची बहीण मेरी त्याची बायको, तीच मेरी जिला इंग्रजांनी रॉक्सबरा किल्ल्यात पिंजऱ्यात कोंडून ठेवलं होतं. ब्रूस जिंकला आणि कॅम्पबेलांचं नशीब फळफळलं. १४५७ मध्ये अर्ल ऑफ अर्गाइल हा किताब, १७०१ मध्ये त्याहून वरचा ड्यूकचा. आत्ताचे प्रमुख १३वे ड्यूक, टॉर्क्विल कॅम्पबेल, २००१ पासून, आणि हे गृहस्थ स्कॉटलंडच्या हत्तीवरच्या पोलो टीमचे कॅप्टन होते, यादीत टाकायला एवढी मजेशीर गोष्ट दुसरी मिळणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे नव्वद टक्के लोक वगळतात. क्लॅन म्हणजे काय? गेलिकमध्ये "क्लान" म्हणजे लेकरं, त्यामुळे आपल्याला वाटतं ही आपल्यासारखी भावकी, सगळे एका पुरुषाचे वंशज. तसं नाहीये. मधोमध सरदाराचं रक्ताचं घराणं असायचं हे खरं, पण भोवती त्याच्या जमिनीवर राहणारे, त्याच्यासाठी लढणारे, त्याच्या आसऱ्याला आलेले असे कितीतरी लोक असायचे आणि हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, साध्या माणसाला कायमचं आडनाव असायचंच असं नाही, तो आपला अमक्याचा मुलगा तमका. जेव्हा कागदावर आडनाव लिहायची वेळ आली तेव्हा अनेकांनी सरळ मालकाचं नाव लावलं. शिवाय "सेप्ट" नावाचा प्रकार आहे, म्हणजे आडनाव वेगळं पण क्लॅनशी जोडलेलं, मॅकआर्थर, मॅकआयव्हर, मॅकटॅव्हिश ही नावं कॅम्पबेलांच्या सेप्टमध्ये धरतात. तेव्हा सेप्टची यादी बघून "म्हणजे हा पण कॅम्पबेलच" असं लिहू नका, "कॅम्पबेल क्लॅनशी जोडलेलं नाव" एवढंच लिहा.

आणि मग मॅकग्रेगर, हा दुसरा एक क्लॅन. १६०३ मध्ये राजाने मॅकग्रेगर हे नावच बेकायदा ठरवलं, नाव लावलं तर जिवावर बेतायचं. लोकांनी काय केलं, मिळेल ते आडनाव घेतलं, ग्रँट, ड्रमंड, मरे, आणि कॅम्पबेल पण, ज्यांच्याशी त्यांचं हाडवैर होतं त्यांचंच! मधे १६६१ मध्ये बंदी उठली, १६९३ मध्ये परत आली आणि कायमची गेली ती १७७४ मध्ये. प्रसिद्ध रॉब रॉय मॅकग्रेगर, त्याने पण कॅम्पबेल नाव लावलंय, त्याच्या आईचं माहेरचं आडनाव ते. म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातला एखादा कॅम्पबेल सापडला तर तो खरा कॅम्पबेल का दडलेला मॅकग्रेगर, हा प्रश्न विचारायलाच लागतो.

एवढं डोक्यात बसलं की मग माणसं गोळा करा, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: हे आडनाव याच्याकडे आलं कुठून? बापाकडून आलं असं गृहीत धरू नका.

सर कॉलिन कॅम्पबेल घ्या, १८५७ मध्ये लखनौला फौज घेऊन गेलेला तो सेनापती, त्याआधी १८५४ मध्ये क्रिमियात बालाक्लाव्हाला होता, पुढं लॉर्ड क्लाइड झाला. नाव ऐकून वाटतं अस्सल सरदार घराण्यातला. प्रत्यक्षात १७९२ मध्ये ग्लासगोत एका सुताराच्या घरी जन्म, आडनाव मॅकलिव्हर. आई मात्र कॅम्पबेल. पंधरा वर्षांचा असताना मामाने, म्हणजे मेजर कॅम्पबेलने, त्याला सेनापती ड्यूक ऑफ यॉर्ककडे नेलं, ड्यूकला वाटलं हा पण त्यांच्यातलाच एक कॅम्पबेल, तसंच लिहिलं गेलं, आणि पोराने ते नाव आयुष्यभर चालवलं. एका कारकुनी गैरसमजातून फील्ड मार्शल कॅम्पबेल तयार! याला यादीत जरूर घ्या, पण शेजारी मॅकलिव्हर लिहिलंच पाहिजे, नाहीतर कुणीतरी त्याच्या जन्माची नोंद कॅम्पबेल नावाखाली शोधत बसेल.

उलटा प्रकार हेन्री कॅम्पबेल-बॅनरमनचा, १९०५ ते १९०८ ब्रिटनचा पंतप्रधान. हा १८३६ मध्ये ग्लासगोत हेन्री कॅम्पबेल म्हणूनच जन्मला, पण मामाच्या मृत्युपत्रात अट होती की इस्टेट हवी तर बॅनरमन नाव लावा, म्हणून १८७१ पासून जोडनाव. स्कॉटिश जोडनाव दिसलं की नव्वद वेळा मागे इस्टेट असते हे माझं मत, चुकीचं असेल तर असू दे.

नेओमी कॅम्पबेल, सुपरमॉडेल. तिचं आडनाव आईच्या दुसऱ्या लग्नातून आलेलं आहे, म्हणजे रक्ताचा प्रश्नच येत नाही. आणि ती जमैकन मुळाची, लंडनमध्ये जन्मलेली. फुटबॉलपटू सॉल कॅम्पबेल पण लंडनचा, आईवडील जमैकाचे. इथं जरा थांबा, कारण जमैकात कॅम्पबेल हे अगदी नेहमीचं आडनाव आहे आणि ते का आहे हे न लिहिता ही नावं यादीत टाकणं मला बरोबर वाटत नाही. १६९८ ते १७०० मध्ये स्कॉटलंडने पनामाच्या डॅरियनला वसाहत करायचा प्रयत्न केला, तो पार बुडाला, आणि तिथून निघालेला अर्गाइलकडचा कर्नल जॉन कॅम्पबेल जमैकात ब्लॅक रिव्हरला स्थायिक झाला, मळे घेतले, त्याच्या मागून अजून कॅम्पबेल आले. मळ्यावर काम कोण करत होतं, गुलाम आफ्रिकन माणसं. त्यांच्या नशिबी मालकाचं, मुकादमाचं, पाद्र्याचं आडनाव आलं, कधी मालकाचीच अनौरस मुलं असायची ती. त्यामुळे जमैकन कॅम्पबेल दिसला की "स्कॉटिश वंशाचा" असं लिहिणं जेवढं चुकीचं तेवढंच "काही संबंध नाही" लिहिणं पण चुकीचं, आडनावाचा इतिहास गुलामगिरीतून गेलाय हे स्पष्ट लिहा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने गुलाममालकांना मिळालेल्या नुकसानभरपाईचा एक डेटाबेस ऑनलाइन ठेवलाय, त्यात कॅम्पबेल टाकून बघा, पानंच्या पानं येतात.

तिसरी वाट आयर्लंडची. अल्स्टरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागात, स्कॉटलंडहून गेलेले कॅम्पबेल आहेतच, पण टायरोन भागात एक पूर्णपणे आयरिश घराणं होतं, त्यांच्या गेलिक नावाचा अर्थ रणवीराचा मुलगा असा काहीसा, आणि इंग्रजीत लिहिताना जवळचं ओळखीचं नाव म्हणून त्याचं कॅम्पबेल करून टाकलं. अर्गाइलशी शून्य नातं. अमेरिकेतले बरेचसे कॅम्पबेल अल्स्टरमार्गे गेलेले, त्यामुळे अमेरिकन माणूस असेल तर आधी घराणं कुठल्या बंदरातून निघालं ते बघायचं आणि मगच क्लॅनबद्दल तोंड उघडायचं. आर्कान्सामध्ये १९३६ मध्ये जन्मलेला गायक ग्लेन कॅम्पबेल असो नाहीतर १८६९ मध्ये न्यू जर्सीत सूपच्या डब्यांचा धंदा सुरू करणारा जोसेफ कॅम्पबेल, हातात कागद नसेल तर "कॅम्पबेल आडनावाचे" म्हणा आणि पुढं चला.

ज्यांचा स्कॉटलंडशी सरळ संबंध आहे अशी माणसं पण भरपूर आहेत. कवी थॉमस कॅम्पबेल १७७७ ग्लासगो. मेन्झीस कॅम्पबेल १९४१ ग्लासगो, हा तर भारी माणूस, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये पळाला, १०० मीटरचा ब्रिटिश रेकॉर्ड त्याच्या नावावर होता, नंतर वकील आणि २००६-०७ मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाचा नेता. त्याच्या पहिल्या नावाचा उच्चार "मिंगिस", लोक त्याला मिंग म्हणायचे, कारण जुन्या स्कॉट्स लिपीत "योख" नावाचं अक्षर होतं ते छापखान्यात नव्हतं म्हणून त्याच्याजागी झेड बसवला. मराठीत लिहिताना मेन्झीस लिहा पण उच्चार कंसात द्या, नाहीतर व्हिडिओ करताना तोंडघशी पडाल. जुन्यांमध्ये अर्गाइलचे तिसरे ड्यूक आर्चिबाल्ड, तेव्हा लॉर्ड आयले म्हणत, १७२७ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड निघाली तिचे पहिले गव्हर्नर, बँकेच्या नोटांवर चेहरा होता त्यांचा. आणि बापलेकाची ती जोडी, अर्गाइलचा पहिला मार्क्विस (हा पण किताबच) १६६१ मध्ये आणि त्याचा मुलगा नववा अर्ल १६८५ मध्ये, दोघांचंही मुंडकं एडिनबरामध्ये "मेडन" नावाच्या एकाच यंत्राने उडवलं, ते यंत्र तिथल्या नॅशनल म्युझियममध्ये ठेवलंय. वेगवाले माल्कम आणि डोनाल्ड कॅम्पबेल ही पण बापलेकाची जोडी, पण हे इंग्लंडमध्ये जन्मलेले: माल्कमने १९३५ मध्ये बॉनव्हिलला गाडी ताशी ३०० मैलांच्या पुढं नेली, डोनाल्डने १९६४ या एकाच वर्षात जमिनीवरचा आणि पाण्यावरचा दोन्ही रेकॉर्ड केले आणि जानेवारी १९६७ मध्ये कॉनिस्टन सरोवरावर बोट उलटून गेला.

आता कागद कुठं बघायचे. स्कॉटलंडसाठी सरकारी साइट एकच, स्कॉटलंड्सपीपल. अकाउंट फुकट, इंडेक्स शोधणं फुकट, मूळ नोंदीची इमेज बघायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात, म्हणून आधी इंडेक्सवर नाव, वर्ष, पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला गावपरिसर) लावून जितकं गाळता येईल तितकं गाळा, कॅम्पबेलसारख्या नावाला हजारोंनी नोंदी येतात आणि अंदाजाने इमेज उघडत बसलात तर क्रेडिट भुर्रकन उडतात. सरकारी जन्म-लग्न-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून. त्याआधीचं चर्चच्या पॅरिश रजिस्टरमध्ये, सर्वात जुनं १५५३ चं, पण हायलँड्समधली बरीच रजिस्टरं खूप उशिरा सुरू होतात आणि मधली पानं गायब असतात. जनगणना १८४१ ते १९२१, दर दहा वर्षांनी. अलीकडच्या नोंदींची इमेज ऑनलाइन दिसत नाही, जन्माला १०० वर्षं, लग्नाला ७५, मृत्यूला ५० व्हावी लागतात.

१८५५ हे वर्ष सोन्यासारखं आहे. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात इतके रकाने ठेवले की जन्माच्या नोंदीत आईवडलांचं वय, जन्मगाव, लग्नाची तारीख, आधीची भावंडं सगळं येतं, दुसऱ्याच वर्षी कारकून वैतागले असावेत, बरेच रकाने उडवले. म्हणून तुमच्या माणसाच्या घरात कुणीही, भाऊ, बहीण, चुलता, कुणाचीही नोंद १८५५ ची मिळते का बघाच. आणि इंग्लंडपेक्षा स्कॉटलंडची एक गोष्ट फार सोयीची, मृत्यूच्या नोंदीत दोन्ही आईवडलांची नावं असतात आणि आईचं माहेरचं आडनाव सुद्धा. मिसेस पॅट्रिक कॅम्पबेलसारखी फजिती टाळायची असेल तर बायकांच्या बाबतीत नेहमी माहेरचं नाव आधी शोधा.

नावं ठेवायची पद्धत पण मदतीला येते. थोरला मुलगा वडलांच्या वडलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडलांच्या, तिसरा वडलांच्याच. थोरली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडलांच्या आईच्या. सगळ्यांनी पाळलं असं नाही, पण आर्चिबाल्ड आणि कॉलिन घरोघरी असताना कुठला आर्चिबाल्ड कुणाचा हे लावायला याचा फार उपयोग होतो. पुरावा म्हणून नाही, अंदाज म्हणून.

क्लॅन ठरवताना नुसतं "कॅम्पबेल" वर थांबू नका, शाखा बघा. अर्गाइलची मुख्य शाखा इनव्हरेरीची, मग ग्लेनॉर्कीवाले जे पुढं ब्रॅडलबेन झाले, एअरशरचे लाउडन, आणि कॉडर. कॉडरची कथा ऐकण्यासारखी, म्युरिअल काल्डर ही लहान मुलगी, एवढ्या इस्टेटीची एकटी वारस, १४९९ मध्ये कॅम्पबेलांनी तिला पळवून नेलं आणि १५१० मध्ये अर्लच्या मुलाशी लग्न लावलं, झाले कॉडरचे कॅम्पबेल. पॅरिशचं नाव कळलं की शाखेचा अंदाज येतो.

डीएनए टेस्टबद्दल थोडक्यात. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय-डीएनए आडनावाच्या वाटेनेच चालतो म्हणून तोच कामाचा, कॅम्पबेल नावाचा ग्रुप प्रोजेक्ट पण आहे जिथं पुरुष आपले निकाल तुलनेला टाकतात. एकाच आडनावाचे पुरुष वेगवेगळ्या पुरुषवंशात निघाले तर दचकू नका, वर सांगितलं तेच, भाडेकरू, दत्तक, मॅकग्रेगर. आणि मेलेल्या प्रसिद्ध माणसाशी नातं सांगायला त्याच्या खात्रीच्या पुरुषवंशातल्या कुणाची तरी टेस्ट लागते, नुसत्या "जुळलं" वर उड्या मारू नका.

यादीला सजवायला लोक लगेच शिल्ड (ढालीचं चिन्ह) आणि टार्टन (चौकटीचं स्कॉटिश लोकरी कापड) लावतात, तिथं जपून. स्कॉटलंडमध्ये "आडनावाचं कुलचिन्ह" असा प्रकारच नाही. ढालीवरचं चिन्ह एका माणसाचं असतं, एडिनबराच्या लॉर्ड लायन या कुलचिन्हांच्या अधिकाऱ्याच्या कोर्टात १६७२ पासूनच्या रजिस्टरमध्ये नोंदलेलं, आणि दुसऱ्याचं वापरणं तिथं गुन्हा आहे, चेष्टा नाही. बाकीच्यांनी वापरायचं ते पट्टा आणि बक्कल असलेल्या गोलातलं प्रमुखाचं क्रेस्ट, म्हणजे ढालीच्या वरचं चिन्ह, कॅम्पबेलांचं रानडुकराचं डोकं आणि "विसरू नकोस" अशा अर्थाचं लॅटिन ब्रीद. टार्टनचं तर विचारूच नका, क्लॅनप्रमाणे टार्टन ही बहुतांशी १९व्या शतकातली हौस आहे, १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला त्या समारंभाने तिला जोर आला. कॅम्पबेल प्रमुखाला मान्य असलेली चार: ब्लॅक वॉच पलटणीचं निळं-हिरवं तेच कॅम्पबेल, शिवाय ब्रॅडलबेन, कॉडर, लाउडन. पिवळ्या-पांढऱ्या रेघांचं "कॅम्पबेल ऑफ अर्गाइल" दुकानात दिसतं ते प्रमुख मानत नाहीत.

शेवटी हायलँड्समधल्या ग्लेनकोचं हत्याकांड, कारण कॅम्पबेल म्हटलं की कुणीतरी ते काढतंच. १३ फेब्रुवारी १६९२, पहाटे, सैनिकांनी ज्यांच्या घरी जवळजवळ दोन आठवडे पाहुणचार घेतला त्या मॅकडोनल्डांना मारलं, ३८ च्या आसपास माणसं, आणखी बायका-पोरं बर्फात गारठून मेली. टोळीचा कॅप्टन रॉबर्ट कॅम्पबेल ऑफ ग्लेनलायन, आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, त्याची पुतणी त्या मॅकडोनल्डांच्याच घरात दिलेली. पण हुकूम सरकारचा होता, सही राजा तिसऱ्या विल्यमची, आखणी मंत्री डॅलरिंपलची, आणि सैनिकांतही कॅम्पबेल आडनावाचे थोडेच होते. म्हणून "कॅम्पबेलांनी मॅकडोनल्डांना मारलं" असं एका वाक्यात लिहू नका, पलटणीचं नाव लिहा, अर्ल ऑफ अर्गाइलची रेजिमेंट, आणि हुकूम देणाऱ्याचं पण लिहा. तरी ग्लेनकोच्या क्लॅखेग इनमध्ये रिसेप्शनला पितळी पाटी आहेच, "फेरीवाले आणि कॅम्पबेल यांना प्रवेश नाही", तिचा फोटो यादीच्या खाली टाका, सगळ्यात जास्त लाइक त्यालाच पडतात.